जिथं लाट फुटत नाही

वहिनी, आपलं भांडण अर्धवट राहिलं.

तापाच्या सोळाव्या दिवशी दुपारी मी तुमच्या उशाशी बसलो होतो. दादा डॉक्टरांना आणायला गेला होता आणि आई शकूला घेऊन शेजारी गेली होती. तुमच्या कपाळावरची पट्टी बदलता बदलता मी म्हणालो, "वहिनी, मला एक सांगायचंय. पाच वर्षं राहिलंय."

तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं, ग्लानी आहे, ओळखणार नाहीत. पण तुम्ही नीट ओळखलंत. म्हणालात, "आत्ता नको, भाऊजी. आत्ता तुम्ही काहीही बोललात तरी मी बरं म्हणेन. अंगात त्राणच नाही. बरी होऊ दे मला. मला नीट भांडायचंय."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. बरं वाटल्यावर बोलू, घाई काय आहे! एकविसाव्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. त्याला आज बारा दिवस झाले. आता मला बोलायचं आहे, आणि भांडायला तुम्ही नाही.

तुम्ही आमच्या सांगलीच्या घरात आलात तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि तुम्ही सतरा. रत्नागिरीकडच्या एका खेड्यात तुमच्या वडिलांची नारळी-पोफळीची वाडी. वाडीचा दगडी गडगा ओलांडला की वाळूची पुळण आणि पुळणीपुढं समुद्र. पहिल्याच श्रावणात कृष्णेला पूर आला आणि सगळं गाव घाटावर पाणी बघायला लोटलं, तेव्हा आई तुम्हाला म्हणाली, "बघ ग, एवढं पाणी पाहिलंयस का कधी?" तुम्ही मान खाली घालून हसलात. आईच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, आणि मला त्याचा रागही आला. आमच्या कृष्णेला कुणी हसावं!

तेव्हापासून आपला वाद. मी पुलावरून पुरात उडी टाकायला शिकलो, तेव्हा तुम्ही आईपासून ते लपवलंत, पण मला एकटं गाठून म्हणालात, "इथं टाका. आमच्याकडं आलात की टाकू नका." मी म्हणालो, "पाणी ते पाणी." तुम्ही म्हणालात, "नदीला दोन काठ असतात, भाऊजी. वाहत गेलात तरी कुठल्या तरी काठाला लागता. समुद्राला एकच आहे." आणि मी दर वेळी तेच हुकमी पान टाकायचो: "वहिनी, तुम्हाला पोहता येतं का?" येत नव्हतं. तुमच्या गावच्या बायका गुडघ्याच्या वर पाण्यात जात नसत. तुम्ही हसून कामाला लागायच्यात आणि मी जिंकलो असं मला वाटायचं.

सर्जेरावाची नि माझी दोस्ती तालमीतली. तो कडेगावचा, शिकायला सांगलीत राहिलेला. बाप लहानपणीच गेलेला, घरी आई आणि थोडी उसाची जमीन. हाडापेरानं माझ्या दीडपट. पुलावरून उडी टाकून उलट्या धारेनं पायऱ्यांना येऊन लागणारा आमच्यात तो एकटाच. त्याला तुमच्या हातचे घावन आवडायचे आणि तुम्हाला त्याचं "वैनी" म्हणणं. आईच्या सोवळ्या-ओवळ्यातून वाट काढून तुम्ही त्याला मागच्या सोप्यात ताट वाढायच्यात. तो ताट घासून ठेवून जायचा, आणि तुम्ही दर वेळी त्याला त्यावरून रागवायच्यात.

लढाई सुरू होऊन दुसरं वर्ष लागलं तेव्हा तो फौजेत भरती झाला. हजर व्हायला पंधरवडा होता. त्याच वैशाखात तुमच्या धाकट्या भावाची मुंज निघाली. दादा, तुम्ही, वर्षाची शकू आणि मी असे निघणार होतो. सर्जेराव घरी आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "वैनी, मला बी न्या की. आता सरकार बोटीत घालून कुटं धाडंल ठावं न्हाई. त्याच्या आदी एकदा समिंदर बगतो. आईला म्हनलं, जाऊन येतो. ती म्हनली, जा."

"चला," तुम्ही म्हणालात. "पण माझं ऐकायचं."

"तुमी म्हनशीला तसं."

आणि वहिनी, तो ऐकत होता. हे मला आज नीट लिहून ठेवायचं आहे. तो शेवटपर्यंत तुमचं ऐकत होता.

सर्व्हिस मोटारीनं घाट उतरलो, पुढं बैलगाडी. मुंज झाली. मुंजीच्या आदल्या दिवसापर्यंत समुद्र तळ्यासारखा होता, आणि मी तुम्हाला चिडवत होतो की हाच का तो तुमचा वाघ. मुंजीच्या रात्री आवाज बदलला. सकाळी बघतो तर ऊन लख्ख, वारा नाही, ढग नाही, आणि पाणी मात्र फुगून आलेलं. लाटा लांबून उठत होत्या आणि एकामागून एक येऊन आपटत होत्या. तुमचे वडील म्हणाले, "कुठंतरी दूर वादळ झालंय. खारव्यांनी पहाटेच होड्या वर ओढल्यात. आज पाण्याकडं जाऊ नका."

पण परत निघायचा दिवस तोच होता. दुपारी गाडी जुंपायची होती. सर्जेरावाचा चेहरा उतरला. मुंजीच्या गडबडीत त्याला समुद्रात पाय बुडवायलाही मिळाला नव्हता. तुम्हाला त्याची दया आली. "मी येते बरोबर," म्हणालात, "काठावर उभं राहून बघा." शकूला आजीजवळ दिलंत आणि आपण चौघं पुळणीवर आलो.

तिथं तुम्ही काय काय सांगितलंत ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुमचा पदर वाऱ्याशिवाय स्थिर होता आणि तुम्ही हात लांब करून दाखवत होतात.

"लाट फुटून पांढरी होते ना, तिथं पाणी उथळ. ह्या लाटांनी आणलेलं पाणी परत कुठंतरी जाणार. ते सगळीकडून जात नाही. एखाद्या जागी वाळू खोल खणलेली असते, तिथून नदीसारखं परत धावतं. ती जागा ओळखायची. तिथं लाट फुटत नाही. आजूबाजूला दंगा आणि मधे निवांत दिसतं. पाणी गढूळ, आणि फेस काठाकडं यायचा सोडून आत चाललेला. ते बघा, त्या काळ्या खडकाच्या अलीकडं."

आम्ही बघितलं. दोन बाजूंना लाटांचे पांढरे पट्टे आणि मधे बैलगाडीच्या वाटेएवढी सपाट, तांबूस पाण्याची वाट. मला ती अगदी कृष्णेसारखी वाटली.

"आणि ओढलंच कुणाला," तुम्ही म्हणालात, "तर काठाकडं तोंड करायचं नाही. कितीही ताकद असली तरी ती पुरत नाही. आडवं पोहायचं, काठाला समांतर, जिथं लाटा फुटतात तिकडं. नाही जमलं तर नुसतं तरंगायचं. ते पाणी खाली खेचत नाही, आत नेतं आणि थोडं पुढं गेलं की सोडतं. माणसं बुडतात ती दमून."

"व्हय," सर्जेराव म्हणाला. त्यानं धोतर खोचलं आणि जिथं तुम्ही उभं राहायला सांगितलंत तिथं, घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. लहान पोरासारखा हसत होता. पाणी चाखून थुंकला आणि ओरडला, "वैनी, खरंच खारट हाय की!"

मला मात्र काय झालं होतं? गडग्यावर तुमच्या गावचे चार-सहा लोक बसून होते. मुंजीत मी त्यांना पुलावरच्या उडीच्या बढाया सांगितल्या होत्या. त्यांच्यासमोर ज्यांना पोहता येत नाही अशा वहिनी मला पाण्याचे धडे देत होत्या. एवढंच. ह्याहून मोठं कारण मी पाच वर्षं शोधतो आहे, ते सापडत नाही.

मी सदरा काढला आणि खडकाच्या बाजूला चालू लागलो. तुम्ही हाक मारलीत, "भाऊजी, तिकडं नको." मी हात हलवला. गुडघाभर पाण्यात गेलो. खरंच निवांत होतं. वळून दादाला म्हणालो, "बघ, लाट नाही काही नाही. उगाच भीती." मग तुम्ही धावत आलात पाण्याच्या कडेपर्यंत आणि ओरडलात, "तीच ती जागा! तिथंच नाही जायचं! मागं फिरा!"

मी कमरेएवढ्या पाण्यात गेलो.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की लाटांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. दादाला, तुमच्या वडिलांना, पाटलाला, आईला तेच सांगितलं. वहिनी, मला ऐकू आलं होतं. प्रत्येक शब्द ऐकू आला होता.

पायाखालची वाळू सरकली ती एखाद्यानं सतरंजी ओढावी तशी. एक पाऊल मागं टाकलं तर जमीनच नव्हती. घाबरलो नाही; धारेला लागायची सवय होती. काठाकडं तोंड केलं आणि हात मारायला लागलो. वीस हात, तीस हात. मान वर केली तर तुम्ही मघापेक्षा लहान दिसत होतात. आणखी जोरानं हात मारले. नाकातोंडात पाणी गेलं. काठ काही जवळ येईना.

सर्जेरावानं ते पाहिलं. त्यानं तुमच्याकडं पाहिलं नाही, कुणालाच विचारलं नाही. त्याच वाटेनं आत शिरला. त्याला ती वाट भराभर घेऊन आली. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "धर माज्या खांद्याला. काडतो तुला काटाला." मी धरलं. तो काठाकडं निघाला. काय ताकद होती त्याच्या हातांत! पुरात त्या हातांनी त्यानं म्हैस काढलेली मी पाहिली आहे. आणि तरी आम्ही मागंच जात होतो.

तेव्हा मला तुमचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं तुम्ही मला अरे-तुरे केलंत.

"बाळ! आडवा हो! आडवा पोह, बाळ! माझ्याकडं बघू नकोस!"

आवाज जमिनीवरून आल्यासारखा वाटला. मी पाहिलं. दादा पाण्याकडं झेपावत होता आणि तुम्ही वाळूत पालथ्या पडून त्याच्या दोन्ही पायांना मिठी मारली होती. त्याला चार हातही पोहता येत नाही. तो तुम्हाला फरफटत ओढत होता. त्यानं वाकून तुमच्या तोंडावर मारलं, एकदा नाही, दोनदा. तुम्ही सोडलं नाहीत. तसंच, तोंडात वाळू जात असताना, मला हाक मारत होतात.

मी सर्जेरावाला म्हणालो, "आडवा. वहिनी सांगताहेत आडवं." तो धापा टाकत म्हणाला, "काट त्यो बग रं गड्या, ह्यो काय हितंच. आला बग." मी पुन्हा म्हणालो. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. मग मी त्याचा खांदा सोडला.

हेही मी कुणाला सांगितलेलं नाही. फक्त तुम्ही काठावरून पाहिलं होतंत.

मी आडवा झालो. बारा-पंधरा हात मारले असतील. एकदम ओढ सैल झाली आणि मागून लाट आली. तिनं मला उचललं, आपटलं, पुन्हा दुसरीनं उचललं. गुडघे सोलवटून मी वाळूवर येऊन पडलो. तोवर तुम्ही दादाला वाडीत पिटाळलं होतंत, "दोर आणा, असोले नारळ आणा, जेवढे मिळतील तेवढे. खारव्यांना हाक द्या. पाण्यात शिरायचं नाही, माझ्या शकूची शपथ आहे." त्याच्या हाताला काम दिलंत म्हणून तो त्या दिवशी शुद्धीवर राहिला. खारवी धावत आले. साल न काढलेले सुके नारळ दोराला बांधून खडकावरून फेकले. सर्जेरावाचं डोकं दोनदा दिसलं. तोंड काठाकडंच होतं. तिसऱ्यांदा दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुळणीच्या दुसऱ्या टोकाला मिळाला. तिथंच त्याला अग्नी दिला.

अस्थी घेऊन कडेगावला जायचं तेव्हा दादा तुम्हाला म्हणाला, "तू येऊ नकोस, तिथं बायका काय बोलतील सांगता येत नाही." तुम्ही आलातच. गालावरचा निळा डाग अजून गेला नव्हता. आमच्या आधी बातमी पोचली होती, आणि तीही कशी! सांगलीच्या बाईनं आपल्या नवऱ्याला धरून ठेवलं, मदतीला जाऊ दिलं नाही, म्हणून पोर गेलं.

सर्जेरावाची आई दारातच बसली होती. रडून कोरडी झालेली. तिनं तुमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुजा न्हवरा तू धरलास. माज्या लेकराला कुनी धरायचं व्हतं ग बाई?"

तुम्ही मान खाली घातलीत. अंगण माणसांनी भरलेलं होतं. ती मला म्हणाली, "बाळू, तू सांग. काय झालं?"

त्या घरात मी सुट्टीत राहिलो होतो. त्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली होती, तिला मावशी म्हणत होतो. मी म्हणालो, "मावशी, आम्ही कडेलाच होतो. लाटेनं ओढलं. वहिनी ओरडत होत्या म्हणे, पण आवाजात काही ऐकू आलं नाही."

तुम्ही मान वर करून माझ्याकडं एकदा पाहिलंत. फक्त एकदाच. मग पुन्हा खाली घातलीत.

तो क्षण तुमच्या हातात होता. एक वाक्य बोलला असतात तर त्या अंगणातले सगळे डोळे तुमच्यावरून माझ्यावर आले असते. का नाही बोललात? मी वाचावा म्हणून? का माझ्यावर सोडलंत, की ह्याचं ह्यानं कधीतरी बोलावं? पाच वर्षं एका घरात राहून मी हे विचारलं नाही. तुम्हाला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही मला आधीसारखंच जेवायला वाढलंत, माधवनगरच्या गिरणीत मी कामाला लागलो तेव्हा माझा डबा भरलात. फक्त मला पोहण्यावरून कधी काही म्हणाला नाहीत. मीही पुन्हा पाण्यात उतरलो नाही.

एकदा मात्र तुम्ही बोललात. पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी घाटावर एकटा बसलो होतो. तुम्ही पाणी न्यायला आलात, घागर भरलीत, आणि जाता जाता उभ्या राहून म्हणालात, "खांदा सोडलात म्हणून स्वतःला खाऊ नका. धरून ठेवला असतात तर दोघंही गेला असतात. ती चूक नव्हे." मग थोडं थांबून, "चूक दुसरी आहे." आणि गेलात.

मला माहीत होतं कुठली. तुम्हालाही माहीत होतं की मला माहीत आहे. तिथंच आपलं भांडण थांबलं ते थांबलं.

मला वाटायचं, तुम्ही आता समुद्राचं नाव काढणार नाही. तुम्ही उलट केलंत. गल्लीतून, पेठेतून कुणी कोकणात जायला निघालं, लग्नाला म्हणा, पर्वणीच्या समुद्रस्नानाला म्हणा, की तुम्ही हातातलं टाकून त्यांच्याकडं जायच्यात. परातीत पीठ पसरून त्यात बोटानं लाटांच्या रेघा ओढायच्यात आणि मधे एक वाट कोरी ठेवायच्यात. "इथं उतरायचं नाही. नऊवारी भिजली की पायात येते, गुडघ्याच्या वर जायचं नाही. पोराचा हात सोडायचा नाही. कुणी ओढलं गेलं तर त्याच्यामागं उडी घ्यायची नाही. घागर फेका, नारळ फेका, ओरडून सांगा, पण आत जायचं नाही." बायका ऐकायच्या आणि पाठ वळली की बोलायच्या, "हिला काय जातंय सांगायला? नवऱ्याला धरून बसलेली ही!" ते तुमच्या कानावर यायचं. पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा परात घेऊन जायच्यात.

मागच्या माघात शेजारच्या कासारबाई कोकणातून परत आल्या त्या थेट आपल्या स्वयंपाकघराच्या दारात. त्यांचा मुलगा तशाच निवांत दिसणाऱ्या पाण्यात शिरत होता आणि त्यांना ती पिठातली वाट आठवली. त्यांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. तुम्ही पापड लाटत होतात. "बरं झालं," म्हणालात आणि लाटत राहिलात. त्या गेल्यावर मी पाहिलं, तो एकच पापड तुम्ही इतका लाटला होता की त्यातून पोळपाट दिसत होता.

दादाचं सांगतो. तुम्हाला नदीवर पोचवून आल्यावर तो आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी मला म्हणाला, "मी हिला मारलं होतं रे. त्या दिवशी. तोंडावर." मी म्हणालो, "मी पाहिलं." तो म्हणाला, "कधी क्षमा मागितली नाही. वाटायचं, तिनं विसरावं. आपण काढलं तर आठवेल." आम्ही दोघे भाऊ सारखेच निघालो, वहिनी. तुम्ही दोघांनाही वाचवलंत आणि दोघांचंही पोटात ठेवलंत.

त्याच रात्री मी ठरवलं आणि सकाळच्या मोटारीनं कडेगावला गेलो.

मावशी अंगणात ज्वारी पाखडत होती. केस पार पिकले आहेत. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही. "तुजी वैनी गेली म्हनं," ती म्हणाली. "कळलं मला."

मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. सगळं सांगितलं. तुम्ही बोट दाखवून नको म्हणालेली जागा, गडग्यावरचे लोक, माझी मिजास. सर्जेराव घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता, तुमचं ऐकून. "मावशी, मला ऐकू आलं होतं. त्या दोनदा ओरडल्या. मी मुद्दाम गेलो. तो माझ्यामागं आला." आणि खांदा सोडल्याचंही सांगितलं.

सूप थांबलं होतं. शेजारच्या अंगणातली कोंबडी येऊन दाणे टिपायला लागली, तिला कुणी हाकललं नाही. मग ती म्हणाली, "त्यो कडंला व्हता?"

"होय."

"त्या बाईनं सांगितलं तितंच?"

"तिथंच."

"आन् मी समद्या गावाम्होरं तिला बोल लावला. तू हुबा व्हतास तितं."

"होय."

"मग आता कशापायी आलास? ती जिती हाय तवर तोंड शिवलं व्हतं का तुजं?"

ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, संपलं. मी रस्त्याकडं वळलो. फाट्यापर्यंत आलो असेन, तोच मागून हाक आली. डोक्यावरून पदर घट्ट घेऊन, काखेत गाठोडं मारून मावशी येत होती.

"थांब रं. मी येते सांगलीला."

घरी आल्यावर आई दारात आली. कोण आहे ते आईनं ओळखलं आणि तिचा चेहरा आवळला. तुमच्यावर आलेला तो बोल आईलाही पाच वर्षं लागलेला होता. मावशी ओट्याखालीच उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, मी तुमच्या सुनंला शिव्याशाप दिलं. ती गेली. आता म्या कुनापाशी चूक कबूल करू, सांगा मला."

आई पायऱ्या उतरली, सोवळं-बिवळं काही न बघता तिचा हात धरला आणि तिला आत घेऊन आली. आपल्या माजघरात, तुमच्या रिकाम्या जागेसमोर, त्या दोघी भिंतीला टेकून बसल्या. शकू आली आणि परकं माणूस बघून दाराशी थबकली. मावशीनं तिला जवळ बोलावलं, हनुवटी वर करून चेहरा न्याहाळला. "आईवानीच हाय," म्हणाली.

दादा बाहेर आला तेव्हा मावशीनं त्याच्याकडं बघून सांगितलं, "तुमास्नी धरलं त्ये लय बरं केलं तिनं. त्या दिवशी एका आईचं गेलं. तुमी आत शिरला असता तर दुसरीचंबी गेलं असतं, आन् ही पोर बापाबिगर ऱ्हाती." दादा तिथंच उंबऱ्यावर बसला आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला.

ती दोन दिवस राहिली. तुमच्या तेराव्याला थांब, असं आईनं परोपरीनं सांगितलं, पण गुरांना कुणी नाही म्हणून आज सकाळी निघाली. मी मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. दोन दिवसांत ती माझ्याशी बोललेली नव्हती. मोटार सुरू झाल्यावर खिडकीतून म्हणाली, "बाळू."

मी पुढं झालो.

"तुला मी माफ केल्यालं न्हाई."

"होय, मावशी."

"पर यीत जा. मिरीग तोंडावर आलाय. घरात पेरनीला मानूस न्हाई."

वहिनी, उद्या तुमचं तेरावं आहे. परवा मी कडेगावला जातो आहे.